खिल्लारे बाईंची तीनचाकी

खिल्लारे बाईंना मी कधी चालताना पाहिले नाही, आणि कोणी त्यांना ढकलत नेतानाही पाहिले नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते, तिच्यात त्यांनी आपले सगळे आयुष्य बसवले होते. पायांवर चालणाऱ्या आपल्यासारख्यांना ती जागा अरुंद वाटेल. बाईंना ती पुरत होती. ती पुरू नये यासाठी काही सभ्य, दयाळू आणि देवभीरू माणसांनी जे केले, ते आठवले की आजही माझे अक्षर बिघडते.

परभणीहून पोखर्णीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घरे संपून शेते सुरू होतात, तिथे तो वृद्धाश्रम होता. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. माझे एक दूरचे मामा तिथे राहत असत, म्हणून मी रविवारी जाऊ लागलो. मामा गेले तरी जात राहिलो, कारण तोवर व्हरांड्यात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले होते. चारचौघांत बोलण्याचा मला संकोच आहे. दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याचा नाही. ऐकणारे बहुतेक जण थोड्याच वेळात डुलक्या घेऊ लागत. खिल्लारे बाई मात्र अग्रलेखापासून निविदा-सूचनांपर्यंत सगळे ऐकत, आणि मी एखादा मजकूर गाळला तर चष्म्यावरून पाहत.

“प्राध्यापक, मधलं काहीतरी सुटलं.”

“निधनवार्ता होत्या, बाई.”

“मग वाचा की. या व्हरांड्यात त्याच्यापेक्षा जवळची बातमी कोणती?”

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. लहानपणी आलेल्या तापात त्यांचे दोन्ही पाय गेले होते. कमरेखाली त्या एखाद्या मुलीएवढ्या होत्या आणि खांद्यांकडून पाहिले तर पैलवानासारख्या. तळहातांना घट्टे होते. पांढरे पातळ, निळा काठ, आणि चष्म्याला बांधलेली काळी दोरी. रागावल्या की आवाज चढत नसे, उतरत असे; समोरच्याला ऐकण्यासाठी वाकावे लागे, आणि वाकलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे त्यांना वर्गात शिकवून शिकवून कळले असावे. उभ्या माणसाशी त्या बोलत नसत. त्यांच्या खाटेजवळ एक लाकडी स्टूल असे. व्यवस्थापक असो, डॉक्टर असो, कोणी पाहुणा असो, बाई हाताने स्टूल दाखवीत. “बसा, मग बोला. उभ्या माणसाची मला नुसती हनुवटी दिसते. हनुवटीशी काय बोलायचं?”

त्यांच्याकडे एक तीनचाकी होती. मागे दोन चाके, पुढे एक, आणि छातीसमोर हाताने फिरवायचे पायडल, त्यावरून पुढच्या चाकाला गेलेली साखळी. स्टेशनजवळच्या रहीमभाई सायकलवाल्याने ती त्यांच्या अंगाच्या मापाने बनवली होती. उजवा खांदा अधू होता म्हणून दांडा डावीकडे झुकता ठेवला होता. बैठक सागाची, पाठीला सागाचीच एक रुंद फळी. रहीमभाईचे वाक्य बाई त्याच्याच बोलीत सांगत: “बाई, ये तुमारे माप की है. दुसरा कोई बैठा तो गिरेगा.” ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मी नंतर फक्त नव्या घराची किल्ली हाती आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. निघताना, रस्ता अगदी मोकळा असला तरी, त्या एकदा घंटी वाजवीत. एकदाच.

त्या तीनचाकीवर बाई पौर्णिमेला विहारात जात, निवडणुकीत मतदानाला जात, पेन्शनसाठी जात, आणि विद्यापीठाच्या नामांतरासाठी कलेक्टर कचेरीसमोर धरणे असले की तिथेही जात. ऊन असे, धूळ असे, मागून येणारे ट्रक कर्कश हॉर्न देत असत. परतताना चेहरा लाल झालेला असे आणि पातळाच्या काठावर साखळीचे काळे वंगण लागलेले असे. काशीबाई नावाच्या झरीच्या एक म्हाताऱ्या त्यांच्या खोलीत राहत. शेतकऱ्याघरच्या, तोंडाने फटकळ. त्या फाटकाकडे पाहत बसलेल्या असत आणि बाई दिसल्या की ओरडत, “आल्या का फिरून? काय दिलं कलेक्टरानं?”

“आश्वासन.”

“मंग ठिवा उशाला. मागल्या खेपंचं बी हाय की तिथं.”

दोघींचे नाते सरळ नव्हते, आणि ते सरळ होते असे मी लिहिणार नाही. आरंभी काशीबाईंनी आपला पाण्याचा तांब्या खिडकीत, बाईंच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवला होता. बाईंनी ते पाहिले होते. त्यांनी आपला तांब्या त्याच खिडकीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला. मधली फळी रिकामी राहिली. पुढे काठीचे प्रकरण झाले.

त्याचे असे झाले. पांगरकर नावाचे व्यवस्थापक होते. माणूस वाईट नव्हता. नीटनेटका होता, आणि नीटनेटकेपणा म्हणजेच भलेपणा असे मानणारा होता. कोणीतरी व्हरांड्यात पडलेल्या काठीला अडखळून पडले, तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या काठ्या गोळा करून कोठीत टाकल्या आणि देणगीत आलेले ॲल्युमिनियमचे चार पायांचे वॉकर वाटले. काशीबाईंची काठी बाभळीची होती, नवऱ्याने तासून दिलेली. वॉकर पुढे ठेवल्यावर त्या त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

“ह्ये घोडं घिऊन मी कुठं जाऊ? चार पाय असून एक पाऊल चालंना.”

“मावशी, त्यानं तुम्ही पडणार नाही.” पांगरकर म्हणाले.

“आन् कुत्रं आलं तर? ह्ये उचलू का त्याच्यावर? कुत्रं हासंल की वो मला.”

व्हरांडा हसला. पांगरकरही हसले, आणि काठी परत न देता निघून गेले. काठी गेल्यावर काशीबाई फारशा उठेनाशा झाल्या. वॉकर खाटेशी उभा असे, त्याच्यावर त्या लुगडे वाळत घालत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिल्लारे बाई आपली तीनचाकी कचेरीच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. मी तेव्हा तिथे काही कामाने बसलो होतो.

“काशीबाईंची काठी कोणाची?” त्यांनी विचारले.

“बाई, त्याचं असं आहे, संस्थेच्या आवारात सुरक्षिततेच्या दृष्टीनं...”

“मी विचारलं तेवढं सांगा. कोणाची?”

“त्यांचीच आहे. पण पडल्या तर जबाबदारी आमच्यावर येते.”

“पाय कोणाचे?”

पांगरकर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“पाय त्यांचे, काठी त्यांची. पडल्या तर हाड त्यांचं मोडणार. मग जबाबदारी तेवढी तुमची कशी, हे मला समजावून सांगा.” आवाज इतका उतरला होता की पांगरकर टेबलावर वाकले होते.

काठी परत मिळाली. त्या दुपारी काशीबाईंनी बाईंच्या किटलीतला चहा मागून घेतला. हे कोणाच्या मनःपरिवर्तनाचे उदाहरण म्हणून मी सांगत नाही. दुसऱ्या सकाळी तांब्या पुन्हा खिडकीत आपल्या जागी होता. पण काठीच्या बाबतीत त्या दोघी कायमच्या एका बाजूला आल्या, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, असे एका बाजूला येणे पुष्कळ मोठमोठ्या सलोख्यांपेक्षा अधिक टिकते.

तीनचाकीवर इतका जीव का, असे मी त्यांना कधी विचारले नसते. एकदा वर्तमानपत्रात विद्यापीठाच्या नावाबद्दल एका पुढाऱ्याचे भाषण वाचताना माझ्या तोंडी त्याचे वाक्य आले: नावाने काय फरक पडतो? बाईंनी हात वर करून मला थांबवले.

“मी सांगते काय फरक पडतो,” त्या म्हणाल्या. मग बाकीचे उठून जेवायला जाईपर्यंत त्या थांबल्या.

नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव वस्त्या जळू लागल्या, त्या पावसाळ्यात बाई नोकरीच्या गावी होत्या. तेव्हा त्या कुबड्यांवर हिंडत असत. दिवेलागणीला वस्तीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला. कुबड्या दाराबाहेर भिंतीला टेकवलेल्या होत्या. माणसे पळत होती. कुबड्यांवरून माणूस पळू शकत नाही, आणि त्या तर हातातही नव्हत्या. शेजारच्या एका तरुणाने त्यांना उचलून खांद्यावर टाकले आणि तो पिकात शिरला.

“पोत्यासारखं टाकलं होतं त्यानं. उपकार झाले त्याचे, जीव वाचला. पण प्राध्यापक, खांद्यावर टाकलेल्या माणसाला पुढचं दिसत नाही. मागचं दिसतं. तो पळत होता, आणि मी बघत होते. माझं घर, माझी पुस्तकं, सगळं. आवाज तर ओळखीचे होते. त्या आवाजांना मी पाढे शिकवले होते.”

मी कुठले गाव ते विचारले असावे.

“गाव सांगणार नाही. माझे विद्यार्थी राहतात तिथं.”

मग त्या म्हणाल्या, “त्या दिवशी ठरवलं. इथून पुढं दारातून बाहेर पडायला दुसऱ्याचे हात लागता कामा नयेत. वाचायचं तरी स्वतः, आणि नाही वाचले तरी स्वतः. रहीमभाईकडं गेले, म्हटलं, मला पळता येईल असं काहीतरी बनवा.”

हे मी संस्थेतल्या कोणाला सांगितले नाही. सांगून उपयोगही झाला नसता. त्यांच्या दृष्टीने तीनचाकी हे एक वाहन होते आणि वाहनाचे अपघात होतात.

अपघात झालाच. नाल्याजवळच्या उतारावर पाऊस पडून गेल्यावर तीनचाकी कलंडली. बाईंचे कोपर सोलले, कपाळाला खोक पडली. रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीवाल्याने गाडी सरळ करून दिली, आणि बाई स्वतःच दांडा फिरवीत परत आल्या. चिकटपट्टी लावलेल्या कपाळाने व्हरांड्यात बसल्या होत्या, तेव्हा पांगरकर आले. त्यांचा स्वतःचा डावा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला होता; आठवड्यापूर्वी ते बाजारात स्कूटरवरून पडले होते.

“बघा बाई, मी म्हणत होतो ना? आता ही गाडी कोठीत ठेवू. तुमच्यासाठीच सांगतोय.”

बाईंनी स्टूल दाखवले. ते बसले.

“पांगरकर साहेब, तुमची स्कूटर कोणी कोठीत ठेवली का?”

“माझं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

“मला... मला कामं असतात बाई.”

काशीबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “आन् बाईला काय, मरायची वाट बघायचं तेवढंच काम हाय!”

त्या वेळी गाडी वाचली. पण संस्थेच्या मनात ती सलत राहिली. मी ‘संस्थेच्या मनात’ असे लिहितो, कारण त्या एकेका माणसाच्या मनात खरोखर काही नव्हते. जे होते ते बैठकीत असे. एकटा माणूस ज्या गोष्टीची लाज बाळगतो, ती गोष्ट पाच-सात जण मिळून ठरावाने करतात. आणि ठरावाची भाषा किती मऊ असते! सोय, काळजी, सुरक्षितता, जबाबदारी. या शब्दांनी बांधलेल्या भिंती विटांच्या भिंतींहून उंच असतात, कारण त्यांच्यावर चढणारा माणूस कृतघ्न ठरतो.

मग खुर्च्या आल्या.

आमच्या भागातली देणगीची एक रीत सांगितली पाहिजे. देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर, पाणपोईच्या माठावर, स्मशानातल्या बाकावर आपल्या दिवंगत वडिलांचे नाव घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी काही देत नाही. वृद्धाश्रमातल्या ताटांवर नावे होती. जेवण संपत आले की भाजीच्या रश्शाखालून कोणाचे तरी आजोबा वर येत. नावाने काय फरक पडतो असे विद्यापीठाच्या बाबतीत विचारणारी जी प्रतिष्ठित माणसे होती, त्यांतलीच काही हे पंखे आणि ही ताटे देत असत. मला तेव्हा ही विसंगती गमतीची वाटे. आता वाटत नाही.

अण्णासाहेब हे कापसाच्या धंद्यातले मोठे गृहस्थ संस्थेचे आश्रयदाते होते. त्यांनी वडिलांच्या नावे चाकाच्या खुर्च्या दिल्या. चकचकीत, निळ्या रेक्झिनच्या. चाके लहान होती, बसलेल्याच्या हाताला न लागणारी. मागून दुसऱ्याने ढकलल्याशिवाय ती खुर्ची जागची हलत नसे. आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने ठळक लिहिले होते: कै. भगवंतराव यांच्या स्मरणार्थ.

बैठक झाली. ज्यांना चालता येत नाही त्यांनी यापुढे संस्थेची खुर्चीच वापरावी, असे ठरले. भगवंतरावांच्या पुण्यतिथीला खुर्च्या अर्पण करण्याचा समारंभ होता. त्याच्या आदल्या दिवशी बाई दुपारच्या झोपेत असताना तीनचाकी कोठीत नेऊन कुलूप लावले. झोपेत असताना. भल्या माणसांनी दिवसाढवळ्या, पाय न वाजवता.

मी समारंभाला हजर होतो. अंगणात मांडव होता. आता जे लिहितो ते कोणाला खोटे वाटेल, पण मांडवातल्या प्रत्येकाने ते पाहिले आहे. म्हाताऱ्यांना खुर्च्यांत बसवून ओळीत मांडले होते, आणि पाहुण्यांकडे त्यांच्या पाठी केल्या होत्या, कारण नाव पाठीवर होते. समोर रिकामी भिंत. त्या भिंतीकडे पाहत ती माणसे बसली होती आणि त्यांच्यामागे सत्कार, हार, भाषणे चालली होती. फोटोवाला गोंधळून गेला.

“साहेब, चेहरे येईनात.”

“नाव येतंय ना?” संस्थेचे सचिव म्हणाले. “मग काढ.”

एक खुर्ची रिकामी होती. बाईंनी तिच्यात बसायला नकार दिला होता. सकाळी पांगरकरांनी खूप विनवले, असे काशीबाईंनी मला नंतर सांगितले. बाई म्हणाल्या होत्या, “माझ्या पाठीवर दुसऱ्याच्या वडिलांचं नाव मी घेणार नाही. माझ्या वडिलांनी मला पाठीवर बसवून दोन गावं ओलांडून शाळेत नेलं, पावसापाण्यात. पाठीवर कोणाला घ्यायचं असेल तर त्यांना घेईन. त्यांचं नाव घाला, बसते.” पांगरकरांनी त्यांना खोलीतच राहायला सांगितले.

अण्णासाहेबांचे भाषण चालू असताना व्हरांड्याच्या पायऱ्यांकडून घसटण्याचा आवाज आला. बाई जमिनीवरून येत होत्या. दोन्ही तळहात पुढे टेकवायचे, अंग उचलायचे, पुढे सरकायचे. पांढरे पातळ मातीने भरले होते. उभ्या माणसाशी बोलायचे नाही असा ज्यांचा नियम, त्या बाई सगळ्या मांडवातल्या पायांमधून, चपलांमधून, सतरंजीच्या सुरकुत्यांवरून सरकत व्यासपीठापर्यंत आल्या. कोणी तरी मदतीला वाकले. “हात लावू नका,” बाई म्हणाल्या. वाकलेला माणूस चटका बसल्यासारखा मागे झाला. पाठमोऱ्या खुर्च्यांतल्या माणसांना आपल्यामागे काय चालले आहे ते दिसत नव्हते. त्यांनी माना वळवण्याचा प्रयत्न केला, तेवढाच.

अण्णासाहेब थांबले. मनातून गहिवरले असावेत. “अरे, या बाईंना खुर्ची द्या!”

“खुर्ची आहे, अण्णासाहेब,” बाई खालून म्हणाल्या. आवाज इतका उतरलेला होता की अण्णासाहेबांना मायक्रोफोन सोडून वाकावे लागले. “माझी स्वतःची आहे, तीन चाकांची. तुमच्या वडिलांच्या पुण्यतिथीसाठी ती कुलुपात ठेवलीय.”

“कोणी ठेवली?”

बाईंनी कोणाचे नाव घेतले नाही. त्यांनी फक्त मांडवभर पाहिले, आणि जिथे जिथे नजर गेली तिथली माणसे आपापल्या चपलांकडे पाहू लागली.

“बाई, मी तुम्हाला नवी तीनचाकी देतो,” अण्णासाहेब म्हणाले. “आजच. याच्याहून चांगली.”

“चांगली नको. माझी द्या.”

ओळीतून, पाठमोऱ्या एका खुर्चीतून, काशीबाईंचा आवाज आला. फोटोत जागा भरावी म्हणून त्यांनाही बसवले होते. “आन् मला बी फिरवा कुनी तरी! भिंत बघून बघून डोळं दुखायले. मेलेलं मानूस तरी उताणं ठिवत्यात!”

मांडवात हशा झाला. त्या हशाचा मला फार राग आला; आजही येतो. जो तो त्या हशाच्या दाराने बाहेर निसटला.

तीनचाकी परत मिळाली. पण संस्था हरत नसते, ती तडजोड करते. पुढच्या बैठकीत असे ठरले की खिल्लारे बाईंनी आपली गाडी वापरावी, मात्र आवारातच. फाटकाबाहेर न्यायची नाही. आणि गाडी संस्थेच्या आवारात राहणार तर एकसारखेपणासाठी तिच्याही पाठीवर अण्णासाहेबांच्या वडिलांचे नाव घालावे. हा निरोप घेऊन पांगरकर आले ते खरोखर आनंदात होते. आपण बाईंसाठी भांडलो असे त्यांना वाटत होते, आणि कदाचित भांडलेही असतील.

“बघा, गाडी तुमचीच राहिली,” ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, “संक्रांत होऊ द्या.”

त्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. पुढच्या सकाळी वर्तमानपत्र घेऊन मी गेलो, रविवार नसताना. जुने नाव काढले नव्हते; बाबासाहेबांचे नाव त्याच्यापुढे जोडले होते. मी वाचत होतो आणि बाई डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “पुन्हा वाचा.” मी पुन्हा वाचले. त्यांच्या गालांवरून पाणी आले ते त्यांनी पुसले नाही. काशीबाईंनी उठून तिळगुळाचा डबा उघडला, बाईंच्या तळहातावर एक लाडू ठेवला आणि म्हणाल्या, “घ्या. तुमचं काम झालं म्हनं.”

“अर्धं झालं, काशीबाई.”

“मंग अर्धा खावा.”

बाई हसल्या, रडतानाच. लाडू त्यांनी पूर्ण खाल्ला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मागितलं होतं एक, दिलं दुसरं. तरी घेतलं. का, सांगू? तिथं मी एकटी नव्हते. ज्यांची घरं गेली, माणसं गेली, त्या सगळ्यांच्या वतीनं घ्यायचं होतं. नको म्हणायचा अधिकार माझा एकटीचा नव्हता.” त्यांनी तीनचाकीकडे पाहिले. “पण ही माझी एकटीची आहे. इथं मी अर्धं घेणार नाही.”

त्यांची एक विद्यार्थिनी शहरात विहाराजवळ राहत असे. कमल तिचे नाव. तिने आपल्या घरातली पुढची खोली बाईंना देऊ केली होती. बाईंनी तिला एकच विचारले होते: उंबरा आहे का? असला तर येणार नाही. कमलच्या सासूने उंबऱ्याला आयुष्यभर हळदकुंकू वाहिले होते, असे मी ऐकले. कमलने तो काढून टाकला.

दोन-तीन दिवसांनी संस्थेत रंगारी आला. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि भगवंतरावांच्या नावाची अक्षरे कापलेली पत्र्याची पट्टी. त्याच सकाळी बाईंनी आपली पेटी तीनचाकीच्या मागच्या दांडीवर बांधून घेतली. मी पोचलो तेव्हा त्या फाटकापाशी होत्या आणि पांगरकर त्यांच्यासमोर उभे होते. दोन्ही हात पसरून नव्हे. नम्रपणे, हात बांधून. नम्र माणूस वाट अडवतो तेव्हा त्याला ओलांडणे सर्वांत कठीण असते.

“बाई, ऐका माझं. आवारात हवं तेवढं फिरा की. कोण अडवतंय?”

“आवार तुमचं आहे, साहेब.”

“रस्त्यावर काही झालं तर? लोक आम्हाला विचारतील.”

“विचारू द्या. सांगा, खिल्लारे बाई स्वतःच्या हातानं गेल्या.”

“अहो पण, तुमच्या वयाला...”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “तुम्ही उभे आहात. मला तुमची हनुवटी दिसतेय.”

पांगरकरांना बसायला तिथे काही नव्हते. ते तसेच उभे राहिले. फाटकाची कडी वरच्या बाजूला होती. बसलेल्या माणसाच्या हाताला ती येत नसे. इतक्या वर्षांत फाटकावरचा गडी ती काढून देत असे. आज तो साहेबांकडे पाहत थांबला होता. तेव्हा मागून काशीबाई आल्या. सावकाश, धापा टाकत. त्यांनी बाभळीची काठी वर केली, टोक कडीखाली घातले आणि कडी उचलली. फाटक आपल्याच वजनाने उघडले, आणि पांगरकरांना बाजूला व्हावे लागले.

“जावा बाई,” त्या म्हणाल्या. “आन् पडल्या तर पडा. पर तिकडं पडा.”

बाईंनी त्यांचा हात धरला, थोडा वेळ. मग सोडला. मग एकदा घंटी वाजवली.

पुढे बाई किती वर्षे जगल्या, कुठे कुठे गेल्या, हे मला ठाऊक आहे. पण त्यांची आठवण आली की मला तो रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. बाई वळून पाहत नव्हत्या. खांदे एका लयीत वर-खाली होत होते आणि उतारावर साखळी किणकिणत होती. फाटकात रंगारी डबा धरून उभा होता. त्याच्यासमोरून, दूर होत होत, सागाची ती रुंद फळी चालली होती. तिच्यावर ऊन पडले होते, आणि काहीही लिहिलेले नव्हते.